सांगाड्याला हात लावायचा नाही

१

ओक झाडाच्या ओल्या लाकडाचं घर बांधून दिलं म्हणून सुताराची सुटका होत नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी नाहीच. झाड पाडायचं, ओलं असतानाच कापायचं आणि ओलं असतानाच सांधायचं, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. म्हणजे लाकूड वाळतं ते घर उभं राहिल्यावर, माणसं आत राहायला आल्यावर. वाळताना ते आक्रसतं, पिळतं, तडकतं. मग कुणाचा तरी फोन येतो, "नेस्टा, दार लागत नाही गं." मी रंधा घेऊन जाते, दार उतरवते, थोडं तासते, चहा पिते आणि घरी येते.

बाबांनी मला आणि ऑब्रीला धंदा शिकवला तो एकाच नियमावर. दार तासायचं, सांगाड्याला हात लावायचा नाही. खांब, तुळया, आडवे दांडे यांचं एकमेकांत जे काही चाललेलं असतं ते त्यांचं त्यांना मिटवू द्यायचं. आपण दार, खिडकी, फडताळ असल्या उपऱ्या गोष्टी त्यांच्या सोयीने कापत राहायच्या. "सांगाडा बरोबर असतो. आपण चुकलेलो असतो," असं ते म्हणायचे, आणि आम्ही दोघांनी ते कधी तपासून पाहिलं नाही.

दुसरी एक गोष्ट आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ओक रुंदीत आक्रसतो, लांबीत नाही. खांब बारीक होतो, बुटका होत नाही.

२

आई मार्चमध्ये गेली. एप्रिलमध्ये बाबांनी ओढ्याकाठचा थोरला ओक पाडायला सांगितला. त्यांचा पाय सुजायचा, जुन्या घराचा जिना चढवत नव्हता, आणि त्या घरात त्यांना झोपही येत नव्हती. अंगणापलीकडे एका खोलीचं घर बांधायचं ठरलं. सगळं लाकूड त्या एकाच झाडाचं हवं, हा त्यांचा हट्ट.

"दुसऱ्या झाडाचा एक दांडा घातला तर काय बिघडणार आहे?" ऑब्रीने विचारलं. ऑब्री माझा धाकटा भाऊ. प्रत्येक गोष्टीला फाटे फोडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"अनोळखी माणसाला घरात घेतोस का तू?" बाबा म्हणाले.

"भाडं देत असेल तर घेतो."

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी हसले नाही आणि रडलेही नाही. लोक म्हणायचे, नेस्टा खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं. जेवणाला चव नव्हती, पण मी जेवत होते. ओल्या ओकला लोखंड लागलं की तो निळाकाळा पडतो, आणि त्याबरोबर आपले हातही. मी तो काळेपणा महिनाभर धुतला नाही. पटाशीने खाचा पाडल्या, खुंट्या तासल्या, रात्री झोपले.

जूनमध्ये खोऱ्यातले शेजारी जमले आणि सांगाडा उभा केला. रिवाजाप्रमाणे आढ्याला ओकची हिरवी फांदी ठोकली, सफरचंदाची दारू फिरली. बाबा मधल्या तुळईखाली जाऊन उभे राहिले. आमचे बाबा चांगलेच उंच. त्यांनी डोक्यावरची टोपी आणि तुळई यांच्यामध्ये आपला पंजा आडवा सरकवला. नेमका मावला.

"माझ्या मापाचं घर," ते म्हणाले.

ऑगस्ट संपता संपता ते तिथे राहायला गेले.

३

सप्टेंबरात त्यांनी हाक मारली, "पोरी, दार अडतंय."

मी रंधा घेऊन गेले. दार उतरवलं, कडेवर बोटं फिरवली आणि जरा थांबले. ओल्या घराचं दार बाजूला घासतं, बिजागरीसमोरच्या कडेला. हे वर आणि खाली घासत होतं. बाजूला उलट फट होती.

"उंबरठा फुगला असेल," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले. ते खिडकीपाशी बसून चीज-पाव खात होते. चेहरा तरतरीत दिसत होता, सुजलेला पाय स्टुलावर ठेवला होता.

"झोप लागते का?"

"मस्त. तुला खरं सांगू, इथे काही वाटतच नाही. तिकडे प्रत्येक वस्तू दुखायची. इथे नाही."

मला त्यांचा हेवा वाटला. मलाही काही वाटत नव्हतं, पण ते मस्त नव्हतं. मी दार वरून आणि खालून तासलं, परत बसवलं आणि ढलप्या त्यांच्या शेगडीत टाकल्या. दार अगदी अलगद लागलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच हाक आली.

४

आईच्या बशांसाठी मी एक फडताळ करत होते. जमिनीपासून तुळईच्या पोटापर्यंत, बरोबर बसेल असं. माप होतंच माझ्याकडे. सांगाडा उभा राहिला त्या दिवशी मी ॲश झाडाच्या वाळलेल्या लाकडाची एक मापकाठी कापून तिथे ताठ उभी केली होती. आमच्याकडे आकडे लिहून ठेवत नाहीत, काठ्या ठेवतात. आकडा चुकतो, काठी चुकत नाही.

काठीवरून फडताळ केलं. ऑब्रीने आणि मी ते उचलून बाबांच्या घरात नेलं. ते तुळईखाली उभंच राहीना.

"ताईसाहेब, मापं घ्यायला विसरलात वाटतं," ऑब्री म्हणाला.

"काठी आण."

त्याने काठी आणली. काठीही उभी राहीना. तिरकी धरावी लागली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. बाबाही बघत होते, पण फडताळाकडे, त्यातल्या आईच्या बशांच्या खणांकडे.

"काठीला दमट हवा लागली," मी म्हटलं. "फुगली."

"लांबीत?" ऑब्रीने विचारलं.

मी काठी त्याच्या हातून घेतली. खांब आखूड होत नाही हे मला माहीत होतं, मग काठीच लांब झाली असणार. दोन्हीपैकी एकावर विश्वास ठेवायचा तर सांगाड्यावर ठेवायचा, हे मला शिकवलेलं होतं. मी काठी मेजावर अडकवली आणि टोकाला तासली. मग फडताळाचे पाय तासले. मग ते बसलं.

आता वाटतं की त्या क्षणी मी काठी जशीच्या तशी ठेवायला हवी होती. पण कुठल्याही सुताराने तेच केलं असतं जे मी केलं.

५

ओक वाळताना आवाज करतो. पहिल्या थंडीत आत शेगडी पेटली की खांब असे तडकतात की नवीन माणूस बंदूक उडाली म्हणून उठून बसतो. आम्ही लोकांना आधीच सांगून ठेवतो, घाबरू नका, घर बोलतंय.

बाबांचं घर बोललं नाही. ऑक्टोबर गेला, शेगडी दिवसरात्र जळत होती, आणि एकाही खांबाला भेग नव्हती. मी हाताने चाचपून पाहिलं. लाकूड कोरडं होतं, हाडासारखं कोरडं, आणि त्यावर केसाएवढीही चीर नव्हती. लाकूड वाळतं तेव्हा ते कुठून तरी कमी होतंच. इथे ते रुंदीत कमी झालेलं दिसत नव्हतं.

त्या दिवशी पायाची पट्टी बदलायला नर्स बेव्हन आल्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, तोंडाने सतत काही ना काही चालू असलेल्या बाई. दारातून येताना त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं.

"क्लेमंट, तुमच्या पोरांनी बाहुल्यांचं घर बांधलंय की काय हो?"

"तुम्ही टाचांचे बूट घालून येता," बाबा म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, बाबा तुम्हाला बारीक वाटतात का?"

"बारीक नाही गं. जरा खाली बसलेत. म्हातारी माणसं सगळीच खाली बसतात, मणके दबतात. माझे वडील तर शेवटी माझ्या खांद्याला येत होते." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "तू जेवतेस ना नीट?"

त्या गेल्यावर मी बाबांना तुळईखाली उभं राहायला सांगितलं. ते कुरकुरत उठले, टोपी घातली, आणि टोपी व तुळई यांच्यामध्ये पंजा आडवा सरकवला. नेमका मावला.

"झालं समाधान?"

झालं. खरंच झालं. तुळई खाली आली असती तर पंजा मावला नसता. मी हलक्या मनाने बाहेर पडले, आणि बाहेर पडताना वाकले. वाकलेय हे माझ्या लक्षात आलं ते अंगण ओलांडल्यावर.

६

त्यानंतर बाबा एकदाच बाहेर आले. आईच्या थडग्यावर दगड बसवायचा होता, त्या दिवशी. मी त्यांचा कोट घेऊन गेले. बाह्यांतून त्यांची बोटं दिसत नव्हती आणि घेर जमिनीला टेकत होता.

"कोट मोठा झालाय, बाबा."

"तुझ्या आईने घेतलेला. ती सगळं मोठंच घ्यायची, वाढत्या अंगाचं म्हणून." ते हसले. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं आणि हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. वर. मी काही उंच बाई नाही.

"थंडी आहे," ते म्हणाले. ते कापत होते. "नेस्टा, मला आत सोड. दगड तुम्ही दोघं बसवा."

मी त्यांना आत सोडलं. आत गेल्यावर त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि ताठ उभे राहिले. त्या खोलीत ते पुन्हा उंच दिसले. मी दारात वाकून उभी होते, आणि मला वाटलं, गेलं सगळं खड्ड्यात, यांना आत बरं वाटतंय ना.

दगड ऑब्रीने आणि मी बसवला. कुणीच रडलं नाही. परत येताना ऑब्री फाटकाशी थांबला.

"आधी इथून टेकडी दिसायची नाही," तो म्हणाला. "बाबांचं छप्पर मध्ये यायचं."

मी बघितलं. छपरावरून सगळी टेकडी दिसत होती, मेंढ्यांसकट.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"चहा घेऊ," मी म्हटलं.

मला माहीत होतं असं नाही, आणि माहीत नव्हतं असंही नाही. मी रोज सकाळी दार तासत होते. बाबांची खुर्ची तासली, टेबल तासलं, पलंगाचे पाय कापले. पुढे पलंगच नवा केला, कारण कापून भागेना. आणखी लहान कप लागायला लागला तेव्हा आईच्या काचेच्या कपाटातला खेळण्यातला टी-सेट काढून दिला. आधी मी ताट आत नेत होते, मग दारातून ठेवू लागले, मग गुडघ्यांवर बसून. बाबा कधी तक्रार करायचे नाहीत. दार लागत नाही, एवढंच काय ते. नर्सबाईंना मी फोन करून सांगितलं की पाय बरा झाला. ते खरंही होतं, सूज उतरली होती.

नाताळच्या आधी पोस्टमन आला आणि अंगणापलीकडे बोट दाखवून म्हणाला, "नवीन खुराडं केलंत वाटतं. छान आहे हं, ओकचं! कोंबड्यांची चैन आहे."

मी म्हटलं, "हो."

७

ऑब्रीने ते ऐकलं. तो पोस्टमन जाईपर्यंत थांबला आणि मग शेडमधून साखळीची करवत घेऊन आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बास. मी खांब कापतो."

"सांगाड्याला हात लावायचा नाही."

"नेस्टा! खुराडं म्हणाला तो. आणि तू हो म्हणालीस. आपले बाबा आहेत आत!"

ते त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की मला ऐकू आलं. म्हणजे कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या कानांच्या आत गेलं. ते मला लागलं. आई गेली तेव्हा लागायला हवं होतं तसं.

"आधी त्यांना बाहेर काढू," मी म्हटलं. "शेगडीजवळ बसवू. हेरफर्डच्या इस्पितळात नेऊ. मग काय कापायचंय ते काप."

मी घोंगडी घेतली. भर दुपार होती, स्वच्छ ऊन पडलं होतं, गवतावरचं हिमही विरघळलं होतं. मी त्या घरासमोर पोटावर पडले, बोटाने दार ढकललं आणि डोळा लावला.

आत सगळं ठीक होतं. कसं सांगू, ती खोली मोठी होती. जूनमध्ये आम्ही उभी केली तेवढीच. तुळई उंच होती, तिच्याखाली आईचं फडताळ होतं, खिडकीतून जमिनीवर ऊन आलं होतं. बाबा टेबलापाशी उभे राहून पाव कापत होते, उंच, रुंद खांद्यांचे, माझ्या लहानपणी होते तसे. माझा हात उंबरठ्यावर होता. त्या खोलीसमोर तो एखाद्या मेलेल्या जनावरासारखा दिसत होता, मोठा, लाल, नखं काळी.

"बाबा, चला. बाहेर चला."

"कशाला?" ते मागे न वळता म्हणाले. आवाज तोच, खर्जातला, पूर्ण. "बरं चाललंय माझं."

मी डोळे मिटले आणि दोन्ही हात आत घातले. त्यांना घोंगडीत घेतलं. ते धडपडले नाहीत. मी बाहेर सरकले, उठले आणि अंगणातून चालू लागले. घोंगडीत वजन होतं, पण ते मला सांगायचं नाही. मी खाली बघितलं नाही. काहीतरी फार भराभर श्वास घेत होतं.

ऑब्री जुन्या घराच्या दारात उभा होता. त्याने घोंगडीचं टोक उचललं, आणि बघितलं. माझा भाऊ, ज्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं. त्याने टोक परत खाली टाकलं, नीट दुमडलं.

"परत ठेव," तो म्हणाला.

"ऑब्री..."

"लवकर. त्यांना... नेस्टा, पळ. परत ठेव."

मी पळाले. पडेन, पडेन असं वाटत असताना पळाले. गवतावर आडवी झाले, घोंगडी दाराशी नेली आणि हात आत सरकवून रिकामे बाहेर काढले. मग वाट बघितली. आपण यांना मारलं, असं वाटत होतं. ते इतकं स्पष्ट वाटत होतं की मला श्वास घेता येईना, आणि मग सगळंच वाटायला लागलं, आई, मार्च, तिचे पांढरे हात, दगड, सगळं एकदम. मी गवतात तोंड खुपसून गुरासारखी हंबरडा फोडून रडले.

आतून पावलं वाजली. जड, सावकाश, उंच माणसाची.

"कोण रडतंय बाहेर? नेस्टा?"

"हो, बाबा."

"अगं, मग बाहेर कशाला बसलीस थंडीत?" खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ते माझ्यासाठी जागा करत होते. "आत ये, पोरी. इथे काही दुखत नाही."

मी काही ठरवलं नाही. मी फक्त डोकं वर केलं, कारण ऊन छान होतं आणि पावाचा वास येत होता. मग फार लांबून ऑब्रीच्या ओरडण्याचा आवाज आला. त्याने माझे घोटे दोन्ही हातांनी धरले होते आणि तो सगळा जोर लावून मला मागे ओढत होता. त्या दारातून माझा नुसता चेहराही गेला नसता. माझे खांदे आत होते, आणि चौकट कुठेच लागत नव्हती.